बाकीचे नव्याण्णव

"बाकीचे कसे आहेत?" ड्रायव्हरच्या बायकोने विचारलं.

आरोग्य खात्यात साथीचे आकडे मांडणाऱ्या त्या अधिकाऱ्याने या प्रश्नाची तयारी केली नव्हती. ती ओरडेल, रडेल, टेबलावरचं काहीतरी उचलून फेकेल, एवढं सगळं त्याने मनाशी धरलं होतं. तिचा नवरा अँब्युलन्स चालवायचा. त्याला जाऊन पंधरवडा झाला होता. आजारातून एकदा बरा झालेल्या त्या माणसाला पुन्हा गाडीवर बसवणारा आकडा याच खोलीतून, याच टेबलावरून गेला होता.

"बाकीचे म्हणजे?"

"तुम्ही डेपोत आला होतात ना सर, तेव्हा म्हणालात, ज्यांना एकदा होऊन गेलाय असे शंभर जण कामावर गेले, तर त्यातल्या एखाद्यालाच पुन्हा होईल. हे घरी येऊन सांगत होते. यांनी विचारलं म्हणे, साहेब, तो एखादा मीच निघालो तर? सगळे खूप हसले म्हणे."

तोही हसला होता. त्याला चांगलं आठवत होतं. डेपोच्या दारात मास्क हनुवटीवर ओढून मंडळी चहा पीत उभी होती. त्यांनी त्याचं नाव 'टक्केवाले साहेब' ठेवलं होतं. वर हे साहेब टक्के खात नाहीत, नुसते सांगतात, अशी पुस्तीही जोडली होती. त्याला ते आवडलं होतं. तेव्हा दवाखाने ओसंडून वाहत होते, गाड्या होत्या पण चालवायला माणूस मिळत नव्हता. बरे झालेले ड्रायव्हर धास्तीने घरी बसले होते. त्याच्या गणिताने त्यांची धास्ती घालवली. आकडा तेव्हा खोटा नव्हता. फक्त विषाणू आहे तसाच राहील, असं तो धरून चालला होता.

विषाणू तसा राहिला नाही. नवा प्रकार आला आणि स्क्रीनवरची रेषा चढायला लागली. शंभरात चार, मग नऊ, मग सोळा. तो धावत वरिष्ठांकडे गेला. "माहिती फार तुटपुंजी आहे," वरिष्ठ म्हणाले. "आत्ता तोंड उघडलंस तर उद्या एक गाडी रस्त्यावर येणार नाही. अजून थोडं बघ." त्याने बघितलं. खरं तर त्याला सुटल्यासारखंच वाटलं होतं. हसणाऱ्या त्या माणसांपुढे पुन्हा उभं राहून, माझं चुकलं, असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं होतं. तो बघत राहिला आणि ड्रायव्हर दुसऱ्यांदा आजारी पडला. नवा अहवाल अजूनही वरच्या मजल्यावर सहीसाठी पडून होता.

"सांगा ना, सर. बाकीचे नव्याण्णव बरे आहेत ना?"

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. तिला काय हवंय ते त्याला कळलं. बाकीचे बरे असले, तर तिच्या नवऱ्याचं मरण म्हणजे निव्वळ दैव होतं. कुणी केलेलं नव्हतं, कुणी टाळू शकलं नसतं. एवढा आधार तिला पुरला असता. खरं सांगून तिच्या पदरात काय टाकायचं? तिच्यासाठीच, असं त्याने स्वतःला बजावलं.

"हो," तो म्हणाला. "बरे आहेत सगळे."

तिने मोठा श्वास सोडला. पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. "मग यांचंच नशीब तसं," ती म्हणाली आणि डोळे पुसून उठली. "बरं झालं तुम्हाला भेटले. रात्र रात्र झोप नव्हती."

त्यालाही हलकं वाटलं. दुसऱ्याच क्षणी त्या हलकेपणाची शरम वाटली.

दाराशी पोचून तिने पर्समधून फोन काढला.

"भाऊजी, मी बोलतेय. साहेबांना विचारलं मी. बाकीचे सगळे ठीक आहेत. उद्यापासून जा तुम्ही गाडीवर." मग फोनवर तळवा धरून ती त्याच्याकडे वळली. "माझे दीर. तेही अँब्युलन्सवरच आहेत, दुसऱ्या डेपोत. मागे दोघा भावांना एकदमच झाला होता. हे गेले तेव्हापासून मीच त्यांना अडवून धरलंय. सासूबाई म्हणतात, एक गेला, आता दुसऱ्याची नोकरी घालवतेस का?"

तो कधी उठला, खुर्ची कधी भिंतीवर आपटली, त्याला कळलं नाही. त्याने हात पुढे केला. तिने गोंधळून फोन त्याच्या हातात दिला.

"जाऊ नका," तो फोनमध्ये म्हणाला. "आत्ता तुमच्या वहिनींना मी खोटं सांगितलं. शंभरात एक नाही, सोळा आहेत. एकदा होऊन गेलाय म्हणून आता कुणी सुरक्षित नाही. तुमच्या डेपोत सगळ्यांना सांगा. वरून कागद येईल, त्याची वाट बघू नका. माझं नाव सांगा."

पलीकडून "बरं साहेब," असं उत्तर आलं. त्याने फोन परत दिला. आता ती ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"महिना झाला."

ती हातातल्या फोनकडे बघत राहिली.

"यांच्याकडेही फोन होता, सर."