जुन्या झाडांचा वास

कुनमिंग शहरातून चहा खरेदीला आलेल्या शूशेठनी आमच्या डोंगरातल्या जुन्या झाडांचा यंदाचा चहा तोंडात घोळवला आणि मला म्हणाले, "कडूपणा तोच. मागून घशात येणारा गोडवाही तोच. पण तो किंचित धुराचा वास कुठे गेला, आय खाम? शेकडो वर्षं मुरलेल्या मुळांचा वास होता तो."

शेठ गेल्यावर माझी सून ई नान रडवेली झाली. सासूच्या माघारी कढईत पानं भाजायचं तिचं हे पहिलंच वर्ष.

"मुळांचं काही नाही गं," मी म्हटलं. "मी दारात आलो की तुझी सासू मला खडसावायला मागे वळायची. तेवढ्यात कढईत चार पानं करपायची."

दुसऱ्या दिवशी तिने नवी पानं कढईत टाकली, तसा मी चिखलाच्या बुटांनी आत शिरलो.

"बाबा, बूट बाहेर काढता का?" ती हळूच म्हणाली. हात चालूच.

"असं नाही. मागे वळून बोल."

ती वळली. "बाबा, बूट." एवढंच बोलून ती पुन्हा पानांकडे वळली.

मी स्टूल ओढून बसलो. "दारूपासून सुरू कर. मग माझा भाऊ. मग मी हरवलेली म्हैस. तुझी सासू याच क्रमाने घ्यायची."

ती चाचरत बोलू लागली. म्हशीपर्यंत आली तेव्हा आवाज चांगलाच चढला होता. करपल्याचा वास आला आणि ती दचकून गप्प झाली.

"थांबू नकोस," मी म्हटलं.