लाल टॉवेल

मी बाल्कनीतल्या दोरीवर लाल टॉवेल वाळत घातला. बॉम्ब बनवणारा घरी आलाय, ही आमच्या पोलीस पथकाशी ठरलेली खूण होती.

त्याच्या आईकडे मी दोन महिने भाडेकरू होतो. "निरंजनला एकदा जेवायला बोलवा ना, मावशी," असं मीच सुचवलं होतं.

दार फुटलं. पथकानं निरंजनला भरल्या ताटावरून उठवून खाली नेलं. ठरल्याप्रमाणे माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. कामगिरी फत्ते!

मावशी बाल्कनीत गेल्या. दोरीवरचा टॉवेल ओढून त्यांनी माझ्या हातात कोंबला.

"परत येतील रे हे, घरात सापडेल त्याला नेतील. तोंड झाक आणि मागच्या जिन्यानं पळ. तू तरी वाच, बाळा!"

टॉवेल अजून ओलाच होता. मी तोंड झाकलं.