अकराची वेळ

"मुलींना अकराची वेळ?" क्लबच्या फळ्यावरचं वेळापत्रक वाचत मी विचारलं.

"हो ताई. सकाळी लवकर मुलांची टीम असते. पदकं तेच आणतात ना." मृदुला आमच्या महिला नौकानयन क्लबची सचिव. तिला वल्हं धरायला मीच शिकवलं होतं.

पन्नास वर्षांपूर्वी पुरुषांच्या क्लबने आम्हाला हीच वेळ दिली होती. अकरानंतर तलावावर वारा सुटतो, लाटा उठतात, होडी सरळ राहत नाही. मी महिनाभर वाऱ्याच्या नोंदी करून त्यांच्यापुढे ठेवल्या, तर ते हसले. म्हणून आम्ही सात जणींनी एक जुनी होडी घेऊन हा क्लब काढला. पुढे मुलांना प्रवेश द्यायचा ठरावही मीच मांडला.

"मुलींनाही शांत पाणी दे. निदान आठवड्यातून दोन दिवस."

"बघू पुढच्या वर्षी." तिने मला हार घातला आणि माईक हातात दिला. "सुवर्णमहोत्सव आहे ताई, क्लबचा इतिहास सांगा ना. थोडक्यात."

मी फळ्याकडे वळून वाचलं, "मुली, सकाळी अकरा."

पुढच्या रांगेतल्या मुलींनी वेळ टिपून घेतली.