राजवाड्याकडे पाठ

"यांचं तोंड फाटकाकडे करायचंय," असं पुतळ्याकडे बोट दाखवून म्हणत एका बाईंनी नगरपालिकेचा मंजुरीचा कागद पुढे केला, तेव्हा माळी सोनबाच्या हातातली झारी एकाच गुलाबावर रिकामी झाली.

फाटकासमोर जुना राजवाडा होता, आणि बागेतले संगमरवरी कर्नल सरदार निंबराजे गेली ऐंशी वर्षं त्याच्याकडे पाठ करून उभे होते. का, ते सोनबा प्रत्येकाला सांगे. महाराजांनी रयतेवर गोळ्या झाडायचा हुकूम दिला आणि कर्नलसाहेब जे वळले, ते परत फिरलेच नाहीत. या गोष्टीच्या जोरावर सोनबाला चहा कधी विकत घ्यावा लागला नव्हता.

त्याने ती बाईंनाही सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतली.

"मी त्यांची नात," त्या म्हणाल्या. "गवंड्यांनी पुतळा घाईत उलटा बसवला. शिल्पकाराचं माफीपत्र आहे आमच्या घरी."

सोनबाने रिकामी झारी खाली ठेवली. "वळवा खुशाल, बाईसाहेब. पण उद्यापासून लोकांना काय सांगू? कर्नलसाहेबांनी हुकूम मानून गोळ्या झाडल्या म्हणून?"

बाई आजोबांच्या त्या ताठ पाठीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी कागदाची घडी घालून ती पर्समध्ये टाकली.

"दरबारातून निघताना महाराजांना पाठ दाखवायची नसे," त्या म्हणाल्या. "आजोबा चाळीस वर्षं उलट्या पावलांनी बाहेर आले. मेल्यावर एकदाच वळलेत. राहू द्या."