हौद भरेपर्यंत

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबली, दिवा गेला, आणि टेलरमास्तरांनी पाळकांची बाही घट्ट धरली. बाही त्यांनीच शिवलेली होती, म्हणून टिकली.

चौथ्या मजल्यावर प्रार्थनेचा हॉल. तिथल्या बाप्तिस्म्याच्या हौदात नळ सोडून, खोलीला कुलूप लावून पाळक स्वतः खाली आले होते, कारण मास्तरांचा भरवसा नव्हता. अख्ख्या मंडळीचे बाप्तिस्म्याचे झगे मास्तरांनी शिवले. पाण्यात घेर वर तरंगू नये म्हणून खालच्या पट्टीत शिशाच्या गोळ्या घातल्या. स्वतःची पाळी आली, की मात्र त्यांना सर्दी व्हायची. पाण्याला भितात, हे बायकोनं केव्हाच ओळखलं होतं. काल तिनं शांतपणे सांगितलं, की मेल्यावर मी कुठं जाणार ते ठरलेलं आहे. तुमचं तुम्ही बघा. संसारात तिनं त्यांना एक दिवस एकटं सोडलं नव्हतं. सकाळी मास्तर झगा घालूनच घराबाहेर पडले.

माणूस बोलावलाय, हलू नका, असं वॉचमननं खालून ओरडून सांगितलं. ते ऐकल्यासारखी लिफ्ट गचका देऊन वीतभर खाली आली.

पट्टीतलं शिसं उसवून काढू का, असं मास्तरांनी विचारलं. त्यानं फरक पडणार नाही, असं पाळक म्हणाले. पण त्यांचाही आवाज वर चढला होता.

"ही तुटली तर माझं काय, पाळकसाहेब?"

"विश्वास आहे ना तुमचा?"

"तो आहे हो. पाण्याचंच तेवढं राहिलंय."

"मग घाबरू नका. तारण विश्वासानं होतं. येशूच्या शेजारी क्रुसावर चोर होता, त्याला कुठं कुणी पाण्यात नेलं? लटकलेला माणूस. आठवण ठेवा म्हणाला, तेवढ्यावर झालं त्याचं."



"लटकलेला तर मीही आहे," मास्तर म्हणाले. मग अगदी हळू, "आणि उरलेलं कापड मी कधी कुणाला परत दिलं नाही. तुमच्या कोटाचंसुद्धा."

 कोट पाळकांना काखेत पहिल्यापासून आवळत होता.

वर कुठंतरी पाण्याचा आवाज बदलला. आधी भरल्यासारखा येत होता, आता सांडल्यासारखा यायला लागला. पाळकांनी खिसा चाचपला. कुलपाची किल्ली खिशातच होती. थोड्या वेळानं छताच्या जाळीतून एक थेंब दोघांच्या मधे पडला. मग दुसरा.

मास्तरांनी टोपी काढली. झग्याला त्यांनी खिसा शिवून घेतला होता, त्यात ठेवली.

"असे थेंब चालतात का हो आपल्यात?"

"नाही. आपल्यात पूर्ण बुडावं लागतं."

गचका बसला. या वेळी वर काहीतरी करकरलं आणि करकरतच राहिलं.

पाळकांनी अंधारात मास्तरांचे खांदे शोधले आणि त्यांना अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं, थेंबाखाली.