पाखाडीवरची परीक्षा
“...गुराढोरांना चारापाणी दे, आंब्याकाजूला बरकत दे, एसटी वेळेवर धाड, मोबाइलला रेंज दे रे...” इथपर्यंत आले आणि गुरुप्रसाद मास्तरांचा श्वास तुटला. ‘महाराजा’ घशातच राहिलं. शिवातात्यांनी ओट्यावर बसल्याबसल्या हात झटकला.

“नापास.”

मास्तर मटकन पायरीवर बसले. खालच्या वाडीपासून तात्यांच्या दारापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, पायऱ्या दोनशे सत्तर. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दहा किलो तांदूळ. दीड वर्षं रोज सकाळी हाच उद्योग. गुहागरच्या शाळेत तीस वर्षं पोरांना नापास करून माणूस निवृत्त होतो, सुखानं गावी येऊन राहतो आणि पुढ्यात हे वाढून ठेवलेलं असतं. करावं तसं भरावं म्हणतात ते खोटं नाही.

मास्तरांना हवा होता हिमालय. कॉलेजातले चार मित्र मे महिन्यात चौदा हजार फुटांवरची खिंड चढणार होते. आपण अर्ध्या वाटेत धापा टाकत बसलो आणि आपल्यापायी चौघांना मागं फिरावं लागलं तर? या भीतीनं मास्तरांची झोप उडाली होती. गेल्या वर्षी याच भीतीपायी त्यांनी ऐनवेळी नाव काढून घेतलं होतं. यंदाची गाडी परवा सुटणार होती.

तात्या पास म्हणतील तेव्हाच जायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं; दमाच्या बाबतीत तात्यांच्या शब्दापलीकडे जायची सोय नव्हती. शिमग्यात देवीची पालखी खांद्यावर घेऊन ते चाळीस वर्षं ही पाखाडी चढले होते. पालखीला नवा गडी घ्यायचा तर वाडीची रीत ठरलेली. पोरानं धावत वर यायचं आणि दारात उभं राहून देवीला घालायचं सगळं गाऱ्हाणं एका दमात म्हणायचं. श्वास तुटला की पुढच्या साली ये. परीक्षा घेणार तात्याच. आता त्यांचे गुडघे गेले होते, मुलगे मुंबईला होते आणि ओट्याखाली पाय ठेवून वर्षं लोटली होती, पण दरारा तसूभरही कमी झाला नव्हता.

दमयंतीबाईंना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, हे काही पटत नव्हतं. “हिमालय काही पळून जात नाही, पण तुम्हीही जागचे हलत नाही. आणि त्या तांदळाची वरखाली करून कणी झाली, ती कोणी खायची?” असं बोलत बोलत आज त्याही मागोमाग पाखाडी चढून आल्या होत्या. त्यांना दम लागला नव्हता. मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

“परत म्हणा बघू,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा गाऱ्हाणं म्हटलं. पुन्हा रेंजपाशी अडकले. बाई मात्र कपाळाला आठी घालून ऐकत होत्या.

“तात्यानु, माझे बाबा देवरुखाकडं पालखीला होते. ‘वाडीवर तुझी सावली ठेव रे महाराजा’ म्हटलं की गाऱ्हाणं संपतं. पुढची ही एसटी नि रेंज कुठल्या देवाची?”

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. “वाढवलंय जरा.”

“जरा?”

मास्तर ताडकन उठले. सावलीपर्यंतचं गाऱ्हाणं ते कधीपासून धडाधड म्हणत होते! गेल्या मे महिन्यात मित्रांचे बर्फातले फोटो बघून ते दोन दिवस जेवले नव्हते. रागानं त्यांचे कान तापले.

“तात्या, म्हणजे मी गेल्या वर्षीच पास होतो?”

“गेल्या सालच्या शिमग्यातच,” तात्या म्हणाले. “पालखीच्या पोरांच्या वर दम हाय तुमचा. परवा जावा. बिनघोर जावा. तुमच्यापायी कोण मागं फिरायचा नाय.”

“मग रोज उठून नापास कशाला करत होतात?”

तात्या खाली पाखाडीकडे बघत राहिले. पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. मग त्यांनी झाकून ठेवलेला कोऱ्या चहाचा दुसरा कप मास्तरांच्या पुढ्यात सरकवला.

“मास्तर, तुम्हीच सांगा,” ते म्हणाले, “पास झालेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येतं काय?”