समासातल्या सहा ओळी

शाळेच्या स्मरणिकेचं पहिलं पान तात्यांच्या ‘माझी वाघाशी झुंज’साठी राखून ठेवलेलं, पण लेख काही रंगेना.

“प्रत्येक परिच्छेदात काय घडतं ते समासात एका ओळीत लिहा, मग खोट दिसेल,” शिक्षिका असलेली सून म्हणाली.

तात्यांनी पेन्सिल चालवली. वाघ आला. मी झाडावर चढलो. मी वरून डोळे वटारले. बायकोनं त्याला धुण्याचं धोपाटणं हाणलं. वाघ पळाला. मी उतरलो.

तात्या मिशी कुरवाळत बसले. मग शीर्षकातलं ‘माझी’ खोडून त्यांनी बायकोचं नाव घालून ‘सगुणाची’ लिहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “अगं, तुला भीती नाही वाटली?”

“कसली भीती? मला ते पाटलांचं कुत्रं वाटलं.”

हे वाक्य मात्र तात्यांनी लेखात घेतलं नाही. वाघाचीही अब्रू राखायला हवी होती.